मॉडेल त्यांचं, नुकसान कुणाचं?

सकाळी सव्वानऊ वाजले की आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत मागच्या बाकांवर हालचाल सुरू होते. पुढच्या बाकांवर एमपीएससीची पुस्तकं उघडी असतात, मागे तीन-चार मोबाईल एकत्र येतात. त्यांवर लाल-हिरवे आकडे पळत असतात. ही मुलं वाईट वळणाला लागलेली नाहीत. कुणी डिलिव्हरीचं काम करून उरलेल्या वेळात अभ्यास करतो, कुणाची शिष्यवृत्ती नुकतीच खात्यात आली आहे. त्यांच्यापैकी एकाला आम्ही विचारलं, "अरे, हा जुगार नाही का?" तो जरा दुखावलाच. म्हणाला, "दादा, जुगार वेगळा. हे गणित आहे. आयव्ही बघा, थीटा बघा. याच्या मागे मॉडेल आहे."

मॉडेल आहे, हे खरंच. पण ते कुणी बनवलं, कशासाठी बनवलं आणि ते चुकलं तेव्हा पैसे कुणी भरले, हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. आम्ही समाजकार्य करणारी माणसं. आमचा संबंध रेशनकार्ड, बचत गट आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलशी. तरीही गेले काही महिने आम्ही दोघा-तिघांनी मिळून या विषयावर जमेल तसं वाचलं. ते इथे मांडतो आहोत.

न्यूयॉर्क-लंडनच्या इन्व्हेस्टमेंट बँका म्हणजे आपल्या पासबुकाच्या बँका नव्हेत. गोल्डमन सॅक्स, मॉर्गन स्टॅनली, २००८ मध्ये बुडालेली लेहमन ब्रदर्स यांचं मुख्य काम कंपन्यांसाठी भांडवल उभं करणं, रोखे-शेअरची खरेदी-विक्री आणि त्यांच्यावर आधारलेले गुंतागुंतीचे करार विकणं. १९८०च्या दशकात या बँकांनी भौतिकशास्त्र आणि गणितातले पीएचडी झालेले लोक मोठ्या संख्येने नोकरीला घ्यायला सुरुवात केली. त्यांना 'क्वांट' म्हणतात. त्यातला एक ठळक माणूस म्हणजे एमॅन्युएल डर्मन. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, भौतिकशास्त्राची पीएचडी कोलंबिया विद्यापीठातून, म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले तिथूनच. १९८५ मध्ये तो गोल्डमनमध्ये गेला. तिथे फिशर ब्लॅक आणि बिल टॉय यांच्यासोबत त्याने व्याजदराचं मॉडेल बनवलं, ते आजही पाठ्यपुस्तकात आहे.

हा फिशर ब्लॅक म्हणजे 'ब्लॅक-शोल्स' सूत्रातला ब्लॅक. १९७३ साली प्रसिद्ध झालेलं हे सूत्र ऑप्शनची किंमत काढतं. त्याला पाच गोष्टी लागतात: शेअरचा आजचा भाव, ठरलेला भाव, शिल्लक दिवस, व्याजदर आणि भाव किती हेलकावे खाईल याचा आकडा. पहिल्या चार गोष्टी समोर दिसतात. पाचवी भविष्यातली आहे, ती कुणालाच माहीत नसते. मग बाजारात काय करतात? ऑप्शन ज्या भावाला विकला जातोय तो भाव सूत्रात घालून पाचवा आकडा उलटा काढतात. आमच्या अभ्यासिकेतला मुलगा ज्याला 'आयव्ही' म्हणतो तो हाच. म्हणजे त्याला जे मॉडेलचं भाकीत वाटतं, तो आजचाच बाजारभाव असतो, फक्त वेगळ्या कपड्यात. आणि थीटा म्हणजे ऑप्शनची किंमत रोज किती वितळते त्याचा आकडा. विकत घेणाऱ्याच्या हातात बर्फाची लादी असते. हे कळल्यावर तो मुलगा बराच वेळ गप्प होता.

पण या मॉडेलांची खरी परीक्षा झाली ती घरांच्या कर्जात. ती गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे.

समजा एका वस्तीत दहा बायकांचा बचत गट आहे. गटाला कर्ज देताना हिशोब असा असतो की एखाद्या महिन्यात एकीचा हप्ता चुकेल, नऊजणी सांभाळून घेतील. एरवी हे चालतं. पण दहाहीजणी शेजारच्या एकाच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या असतील तर? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. सोसायटीचं गेट बंद झालं आणि एकाच दिवसात दहाच्या दहा हप्ते थांबले. एकीचं बुडणं आणि दुसरीचं बुडणं यांचा परस्परांशी किती संबंध आहे, या एका प्रश्नावर सगळा हिशोब उभा होता, आणि तो प्रश्न कागदावर कुठेच विचारलेला नव्हता.

वॉल स्ट्रीटवर नेमकं हेच घडलं, फक्त आकड्यांमागे कितीतरी शून्यं जास्त होती. हजारो गृहकर्जांचे हप्ते एकत्र करून त्यांचे थर पाडले जात. येणारा पैसा आधी वरच्या थराला, नुकसान आधी खालच्या थराला. कर्जं एकेकटी बुडत असतील तर वरच्या थराला धक्का लागत नाही, म्हणून त्याला सर्वोत्तम 'ट्रिपल ए' दर्जा. सगळी एकदम बुडाली तर मात्र वरचा थरही वाचत नाही. मग कर्जं एकदम बुडण्याची शक्यता मोजायची कशी? डेव्हिड ली या संख्याशास्त्रज्ञाने २००० साली एक निबंध लिहून उत्तर दिलं. त्या वेळी तो जे. पी. मॉर्गनमधून वेगळ्या निघालेल्या रिस्कमेट्रिक्स या कंपनीत होता. विमा क्षेत्रात एक जुना अभ्यास होता: जोडीदार गेल्यावर मागे राहिलेला माणूसही लवकर जाण्याची शक्यता वाढते. तेच गणित त्याने कर्जाला लावलं. 'गॉसियन कोप्युला' असं त्याचं नाव. त्याचं आकर्षण हे की हजारो कर्जांमधली सगळी गुंतागुंत शेवटी एका आकड्यात, सहसंबंधाच्या एका आकड्यात मावत होती.

एक आकडा! बँकांना अजून काय पाहिजे होतं? बँकांनी ते वापरलं, दर्जा देणाऱ्या कंपन्यांनीही वापरलं. तो आकडा ज्या आधीच्या वर्षांच्या माहितीवरून काढला जात होता, ती अमेरिकेत घरांचे भाव चढते असण्याची वर्षं होती. चढत्या भावात कर्ज क्वचितच बुडतं, कारण घर विकून फेडता येतं. त्यामुळे सहसंबंध कमी दिसला. लीबद्दल एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. २००५ सालीच त्याने पत्रकारांना सांगितलं होतं की या मॉडेलचं मर्म फार थोड्यांना कळतं, आणि त्यातून जे बाहेर येतं ते लोकांनी खरं मानणं हाच मोठा धोका आहे. त्याचं कुणी ऐकलं नाही. ऐकण्यात कुणाचा फायदाही नव्हता. रोखे बनवणाऱ्याला बोनस होता आणि दर्जा देणाऱ्याला त्याच बनवणाऱ्याकडून फी मिळत होती.

२००६ नंतर भाव उतरले. अमेरिकी सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलंय की मूडीज या कंपनीने २००६ साली कामाच्या प्रत्येक दिवशी सरासरी ३० गृहकर्ज-रोख्यांना ट्रिपल ए दर्जा दिला, आणि त्या वर्षीच्या अशा रोख्यांपैकी ८३ टक्क्यांचा दर्जा पुढे खाली आणावा लागला. ८३ टक्के! आपल्याकडे दहावीच्या बोर्डाने असे निकाल फिरवले असते तर मोर्चे निघाले असते.

आता प्रश्न असा की या यंत्रात कच्चा माल म्हणून कुणाची कर्जं घातली गेली? १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या होत्या. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोकादायक. दोन पिढ्या त्या वस्त्यांना बँकेने दार उघडलं नाही. आणि २०००च्या दशकात त्याच वस्त्यांत बँका स्वतःहून दारावर आल्या. कारण रोखे बनवण्यासाठी कर्जं हवी होती, आणि महाग व्याजाची कर्जं जास्त किफायतशीर होती. बाल्टिमोर शहराने जानेवारी २००८ मध्ये वेल्स फार्गो बँकेवर दावा लावला. त्यात माजी कर्मचाऱ्यांनी दिलेल्या प्रतिज्ञापत्रांत सांगितलं आहे की कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून महागडी कर्जं खपवण्याचा प्रयत्न झाला. पाद्री ज्याच्या शेजारी उभा राहतो त्याच्यावर माणसं विश्वास ठेवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्या समाजमंदिरांतले 'आर्थिक साक्षरता' शिबिरांचे फलक आले. त्या सगळ्यांबद्दल आमचं असं म्हणणं नाही, काही शिबिरं खरोखर चांगली असतात. पण विहाराचा हॉल देताना समोरचा काय विकतोय हे विचारणं विश्वस्तांचं काम आहे.

पुढे अमेरिकी न्याय विभागाने खटले भरले. २०११ च्या डिसेंबरमध्ये कंट्रीवाइडच्या प्रकरणात ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना जास्त फी लावल्याचा किंवा महाग कर्जाकडे ढकलल्याचा आरोप होता. २०१२ मध्ये वेल्स फार्गोने साडेसतरा कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. दोन्ही ठिकाणी चूक मात्र कबूल केली नाही. यातले काही कर्जदार असे होते की त्यांची पत साध्या, स्वस्त कर्जाइतकी चांगली होती. आता मॉडेलकडे पाहा. त्यात हप्ता, व्याज, पत, घराची किंमत यांचे रकाने होते. 'या माणसाला फसवून महाग कर्ज दिलंय का' असा रकाना नव्हता. फसवून दिलेलं कर्ज लवकर बुडतं, आणि एकाच वस्तीतली अशी कर्जं एकदम बुडतात. पूर्वग्रहातून आलेलं नुकसान त्या सहसंबंधाच्या आकड्यात कुठेच धरलेलं नव्हतं.

प्यू रिसर्च सेंटरचा २०११चा अभ्यास सांगतो की २००५ ते २००९ या चार वर्षांत गोऱ्या कुटुंबांची मध्यम संपत्ती १६ टक्क्यांनी घटली, कृष्णवर्णीयांची ५३ टक्क्यांनी आणि हिस्पॅनिकांची ६६ टक्क्यांनी. मॉडेल सगळ्यांसाठी एकच होतं. बुडणं सगळ्यांसाठी एकसारखं नव्हतं.

आपल्या चळवळीत अशा वेळी एक सोपं वाक्य तयार असतं: हे सगळं भांडवलदारांचं कारस्थान. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. कारस्थान म्हटलं की अभ्यास थांबतो. शिवाय या बँका स्वतःच्याच मॉडेलमध्ये फसल्या, हेही खरं आहे. ऑगस्ट २००७ मध्ये गोल्डमनच्या वित्तप्रमुखाने सांगितलं की त्यांच्या फंडांना सलग काही दिवस 'पंचवीस सिग्मा'चे झटके बसले. त्यांच्याच गणिताप्रमाणे असा एक दिवस विश्वाच्या आजवरच्या आयुष्यात एकदाही यायला नको होता. तो एका आठवड्यात अनेकदा आला, याचा सरळ अर्थ गणितातली गृहीतकं चूक होती.

त्याहून बोलकं प्रकरण जे. पी. मॉर्गनचं. 'उद्या साधारणपणे जास्तीत जास्त किती बुडेल' हे एका आकड्यात सांगणारी 'व्हॅल्यू ॲट रिस्क' पद्धत याच बँकेने १९९४ मध्ये जगाला खुली केली. रोज दुपारी सव्वाचारला तो आकडा प्रमुखाच्या टेबलावर जायचा. पुढे १९९६ पासून जागतिक नियमांनीही बँकांना स्वतःच्या मॉडेलने बाजारातली जोखीम मोजायची मुभा दिली. आणि २०१२ मध्ये याच बँकेच्या लंडनच्या विभागात ६ अब्ज डॉलरहून अधिक बुडाले. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे नवं मॉडेल लागू केलं होतं आणि त्याने जोखमीचा आकडा जवळपास निम्म्यावर आणला होता. बँकेच्याच चौकशीत दिसलं की ते मॉडेल एक्सेलच्या तक्त्यांवर चालत होतं, आकडे हाताने कॉपी-पेस्ट होत होते, आणि एका सूत्रात सरासरीने भागायच्या ठिकाणी बेरजेने भागलं होतं. जगातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या माणसांच्या ऑफिसात! जोखीम कमी दाखवणारी चूक कुणाला टोचली नाही. तीच चूक उलट बाजूची असती तर दुसऱ्या दिवशी पकडली गेली असती, असं आम्हाला वाटतं.

कालाम सुत्त आपण सभांमध्ये नेहमी सांगतो. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे पाठ झालं आहे. त्याच यादीत भगवान बुद्धांनी केवळ तर्कात बसतं म्हणून मानणं आणि सांगणारा अधिकारी दिसतो म्हणून मानणं हेही घेतलं आहे. ते सांगायचं आपल्याकडे राहून जातं. कारण आपल्याला पोथी फसवते हे ठाऊक आहे, गणित फसवू शकतं हे पटायला जड जातं. गणिताने आपल्याला न्याय दिलाय ना. पेपर तपासणाऱ्याची जात कुठलीही असो, उत्तर बरोबर आलं की मार्क द्यावेच लागतात. पण परीक्षेचं गणित आणि बाजाराचं गणित यांत फरक आहे. बाजाराच्या गणितात उत्तराआधी गृहीत असतं, आणि ते गृहीत कुणीतरी माणूस ठरवतो.

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये एक मुद्दा असा आहे: रुपया घसरला की निर्यातदाराला लाभ होतो, असं सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी विचारलं, तो लाभ येतो कुठून? महागाई वाढते तितकी मजुरी वाढत नाही, म्हणजे तो मजुराच्या खिशातून येतो. देशाच्या एकूण आकड्यात हे दिसत नाही. आज कुठलंही मॉडेल समोर आलं तर आपल्या मुलांनी पहिला हाच प्रश्न विचारायला हवा. तसाही बाबासाहेबांचा शेअर बाजाराशी थेट संबंध आला होता. परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ग्राहक यायचे थांबले, असं धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलं आहे. सल्ला बरोबर की चूक, हा विषयच आला नाही.

आता परत मागच्या बाकांवर येऊ. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षात यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी सांगितलं होतं. या अभ्यासात वय आहे, उत्पन्न आहे, जातीचा रकाना नाही. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या मोठ्या संस्थांनी खर्च वजा जाता नव्हे, एकूण ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी २८ हजार कोटी कमावले. त्यांच्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग यंत्राने केलेल्या व्यवहारांतून आला. आमचा मुलगा ज्याला 'मॉडेल' म्हणत होता, ते मोबाईलवर दिसणारं त्याचं सावट आहे. खरी मॉडेलं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहेत.

जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीवर आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. बँक निफ्टीतले शेअर सकाळी घेऊन भाव चढवायचा, ऑप्शनमध्ये उलट बाजूने मोठी रक्कम लावायची आणि नंतर शेअर विकायचे, असा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आणि अपील केलं. निकाल काय लागायचा तो लागो. आदेशात दिसणारे आकडे वाचल्यावर एवढं कळतं की पाच हजार रुपये घेऊन बसलेला मुलगा आणि ती कंपनी एका खेळात नाहीतच.

आम्ही मुलांना मोबाईल बंद करा असं सांगितलं नाही. सांगून कुणी ऐकत नाही. आम्ही प्रत्येकाला त्याच्या ब्रोकरच्या ॲपमधून वर्षभराचा नफा-तोट्याचा तक्ता काढून आणायला सांगितला, ब्रोकरेज आणि करासकट. सहाजणांनी आणला. सहाही लाल. एकाचा तोटा त्याच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त निघाला आणि घरी अजून कुणाला माहीत नाही. त्याच्यासोबत आम्ही जाणार आहोत.

दुसरी बाजूही आहे. २००८ नंतर, २०११ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने बँकांना मार्गदर्शक सूचना दिल्या की मॉडेल बनवणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसांनी ते तपासलं पाहिजे, गृहीतकांना आव्हान दिलं पाहिजे. या तपासणीची एक वेगळी नोकरी असते. परदेशी बँकांच्या मुंबई-बंगळुरूतल्या ऑफिसांत ही कामं होतात. तिथे आरक्षण नाही, ओळखीपाळखी आणि कॉलेजचं नाव चालतं, हे आम्हाला माहीत आहे. पण हे काम अस्तित्वात आहे हेच आपल्या मुलांना माहीत नाही. आमच्या अभ्यासिकेत पुढच्या बाकांवर दोन मुली संख्याशास्त्रात एमएस्सी करतात. दोघींचं लक्ष्य बँकेची क्लार्क-पीओ परीक्षा आहे. हा लेख लिहिताना आम्ही डेव्हिड लीचा तो निबंध त्यांना दाखवला. त्यातलं गणित त्यांना आमच्यापेक्षा खूप जास्त कळलं. एकीने विचारलं, "दादा, हे तपासायची नोकरी असते? त्याचा फॉर्म कुठे निघतो?"

फॉर्म निघत नाही, हे तिला सांगावं लागलं. या क्षेत्रात काम करणारे आपले बांधव-भगिनी जिथे असतील, मुंबईत, पुण्यात, लंडनमध्ये, त्यांनी या संकेतस्थळाच्या पत्त्यावर कळवावं. एका रविवारी वंदनेनंतर दोन तास द्यावेत. खोली वरच्या मजल्यावर आहे, फळा आहे, प्रोजेक्टर आम्ही आणू.